दोन विभागांच्या मधला विषय

पीएचडीच्या पहिल्या वर्षाच्या सूक्ष्म अर्थशास्त्रात कंपनी भेटते ती एका उत्पादन-फलनाच्या रूपात. एका बाजूने श्रम आणि भांडवल आत जाते, दुसऱ्या बाजूने माल बाहेर येतो. मध्ये कोण कोणाला हुकूम देतो, तो का पाळला जातो आणि हा सगळा व्याप मुळात कोणी व का उभा केला, याची चौकशी होत नाही. सिद्धांतातल्या कंपनीला उद्योजकच नसतो, हे विल्यम बॉमोल यांनी १९६८ साली एका छोट्या निबंधात स्वच्छ शब्दांत लिहिले होते. तो निबंध माझ्या वाचनात आला तेव्हा मध्ये काही दशके उलटून गेली होती आणि आमच्या वर्गात शिकवली जाणारी कंपनी जवळजवळ तशीच होती. गणिताचे मला वावडे नव्हते, त्यामुळे परीक्षा पार पडल्या. परंतु ज्या गोष्टीच्या ओढीने मी या शास्त्राकडे आले होते ती, म्हणजे उद्योजक आणि त्याची कंपनी, अभ्यासक्रमाच्या काठाकाठानेच फिरत होती.

दुसऱ्या वर्षी संघटनांचे अर्थशास्त्र हा ऐच्छिक विषय घेतला आणि तेथे दोन जुन्या लेखकांनी माझा प्रश्न ठरवून टाकला. बाजारातल्या किमतींच्या आधारे सगळे व्यवहार होऊ शकत असतील तर कंपन्या असतातच कशाला, असे रोनाल्ड कोस यांनी १९३७ साली विचारले होते. बाजार वापरायलाही खर्च येतो, योग्य किंमत शोधावी लागते, घासाघीस करावी लागते, प्रत्येक कामासाठी वेगळा करार करावा लागतो, आणि हा खर्च जेथे फार होतो तेथे माणसे एका छपराखाली येऊन हुकुमावर काम करतात, हे त्यांचे उत्तर. विशीतला हा विद्यार्थी शिष्यवृत्तीवर अमेरिकेतले कारखाने हिंडून आला होता आणि या विचाराचा गाभा त्याने १९३२ सालीच स्कॉटलंडमधल्या डंडी येथे विद्यार्थ्यांना शिकवताना मांडला होता. नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते १९९१ मध्ये. आमच्या क्षेत्रात धीर सुटू लागलेल्या विद्यार्थ्यांना या दोन सालांमधले अंतर हमखास ऐकवले जाते. त्याने धीर येतो असे मात्र मला कधी आढळले नाही.

दुसरे लेखक फ्रँक नाइट. त्यांनी १९२१ साली जोखीम आणि अनिश्चितता यांत फरक केला. ज्या धोक्याची शक्यता आकड्यात मांडता येते त्याचा विमा उतरवता येतो आणि तो खर्चाचाच एक भाग होऊन बसतो. ज्याची शक्यताच मांडता येत नाही तेथे कोणाला तरी स्वतःच्या निर्णयबुद्धीवर विसंबून पैसा लावावा लागतो, आणि खरा नफा तेथूनच येतो. कोस आणि नाइट शेजारी ठेवून वाचताना मला पडलेला प्रश्न असा: ज्याच्याजवळ अशी निर्णयबुद्धी आहे त्याने ती सल्लागार म्हणून विकावी, नाहीतर पगारावर दुसऱ्याच्या कंपनीत वापरावी, स्वतःची कंपनी काढण्याची वेळ त्याच्यावर का यावी? उत्तराची दिशा नाइट यांच्या लेखनात आहे. आपली बुद्धी किती चांगली आहे हे दुसऱ्याला आधी पटवून देता येत नाही, म्हणून तिला बाजारात भाव मिळत नाही आणि ती वापरायची तर साधनसामग्रीची मालकीच घ्यावी लागते. ही दिशा मला पटत होती, परंतु तिची परीक्षा कशी घ्यायची ते कळत नव्हते.

माझ्या मार्गदर्शकांनी प्रश्न शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले की यातले दिसणार काय आहे, मोजणार काय आहे. निर्णयबुद्धी कोणत्याच सर्वेक्षणात नोंदवलेली नसते. त्या काळी उद्योजकतेवरचे बहुतेक अनुभवाधिष्ठित संशोधन स्वयंरोजगाराच्या आकडेवारीवर उभे होते, कारण माणूस पगारावर आहे की स्वतःचा धंदा करतो हे सर्वेक्षणात विचारलेले असते. त्या संशोधनात मोलाच्या गोष्टी होत्या. बार्टन हॅमिल्टन यांनी २००० साली दाखवले की अमेरिकेत १० वर्षे स्वतःचा धंदा केलेल्या माणसाची मध्यक कमाई, तितकीच वर्षे नोकरी केली असती तर जी मिळाली असती तिच्यापेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी कमी असते. एरिक हर्स्ट आणि अ‍ॅनामारिया लुसार्डी यांनी २००४ साली दाखवले की घरच्या संपत्तीचा आणि धंदा सुरू करण्याचा संबंध संपत्तीच्या अगदी वरच्या टोकालाच काय तो दिसतो, त्याखाली तो जवळजवळ सपाट असतो. भांडवल नाही म्हणून उद्योजक घडत नाहीत, हे सर्रास केले जाणारे विधान त्यामुळे पूर्वीइतके सोपे राहिले नाही. पण या आकडेवारीत नळदुरुस्ती करणारा आणि नवे औषध बाजारात आणणारा हे दोघे एकाच रकान्यात बसतात, आणि मला ज्या माणसाविषयी विचारायचे होते तो त्या रकान्यात कुठेतरी हरवलेला होता.

वाट निघाली ती स्टीव्हन क्लेपर यांच्या लेखनातून. डेट्रॉइटच्या मोटार उद्योगाचा इतिहास कंपनीगणिक तपासून त्यांनी दाखवले होते की त्याच उद्योगातल्या आघाडीच्या कंपनीतून बाहेर पडलेल्या माणसांनी काढलेल्या कंपन्या इतरांपेक्षा जास्त काळ टिकल्या. म्हणजे माणूस कंपनीत शिकतो, तेथे त्याचे मत कोणी मानत नाही, मग तो ते स्वतःच्या पैशाने आजमावतो. माझ्या प्रश्नाचा एक दिसणारा तुकडा हाती आला होता. डेन्मार्कमध्ये १९८० पासून प्रत्येक कर्मचारी आणि त्याची आस्थापना यांची नोंद परस्परांशी जोडलेली आहे, नावे वगळून ती संशोधकांना वापरता येते, आणि कोण कोठून निघून कोठे गेला हे वर्षानुवर्षे पाहता येते. त्यासाठी तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेतल्या कोणाशी तरी सहकार्य करावे लागते, काम सुरक्षित सर्व्हरवरच करावे लागते आणि एकेका व्यक्तीचा तपशील तेथून बाहेर नेता येत नाही. परवानगीच्या कागदपत्रांत बराच काळ गेला. तो काळ मी करारांच्या सिद्धांताचे वाचन करण्यात घालवला, आणि पुढे तेच वाचन आकडेवारीपेक्षा जास्त उपयोगी पडले.

अर्थशास्त्रातल्या नोकरीची पद्धत बाहेरच्यांना विचित्र वाटते, म्हणून ती थोडी सविस्तर सांगते. शरद ऋतूत अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या यादीत जागा जाहीर होतात. अमेरिकेबाहेरची अनेक विद्यापीठेही तेथेच जाहिरात देतात. उमेदवार अर्जासोबत आपला एक प्रमुख निबंध पाठवतो, त्याला जॉब मार्केट पेपर म्हणतात, आणि पाचसहा वर्षांच्या अभ्यासाचे मोजमाप बव्हंशी त्या एका निबंधावर होते. सोबत मार्गदर्शकांची शिफारसपत्रे जातात. शिवाय दोन विभागांना आपल्याला विशेष रस असल्याचा संकेत असोसिएशनमार्फत पाठवता येतो; मागणी-पुरवठ्याचा अभ्यास करणाऱ्यांनी स्वतःच्या बाजारासाठी केलेली ही सोय मला अजूनही गमतीची वाटते. माझ्या वेळी जानेवारीतल्या वार्षिक अधिवेशनात अर्ध्या-अर्ध्या तासाच्या मुलाखती हॉटेलच्या खोल्यांमध्ये होत, आणि पलंगाच्या कडेला बसलेल्या तीन प्राध्यापकांना आपला सिद्धांत समजावून सांगावा लागे. ती प्रथा असोसिएशनने २०२० च्या सुमारास थांबवली. आता या मुलाखती दूरस्थ होतात आणि ते चांगलेच झाले. त्यातून निवडलेल्यांना विद्यापीठात बोलावतात. तेथे दीड तासाचे व्याख्यान असते, त्यात पहिल्या पाच मिनिटांतच प्रश्नांनी अडवले जाते, आणि उरलेला दिवस एकेका प्राध्यापकाच्या खोलीत जातो.

मी दोन्हीकडे अर्ज केले होते, अर्थशास्त्र विभागांकडे आणि व्यवस्थापन विद्यालयांकडे. निबंध तोच होता, नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढणाऱ्यांवरचा, परंतु त्यावरचे प्रश्न इतके निरनिराळे येत की दुसऱ्या आठवड्यापासून मी दोन वेगळी व्याख्याने तयार ठेवू लागले. अर्थशास्त्र विभागात विचारत की नोकरी सोडणारे लोक मुळातच वेगळे असतील तर कार्यकारणसंबंध कसा सिद्ध करणार; कंपनी बंद पडल्यामुळे ज्यांना सोडावे लागले त्यांच्यावर मी जोर का दिला, हे तेथे दहा मिनिटांत स्पष्ट करावे लागे. व्यवस्थापन विद्यालयात त्याच ठिकाणी विचारत की यात सैद्धांतिक भर कोणती, आणि मालक आपल्याच माणसाचे मत का ऐकत नाहीत यावर तुमचे म्हणणे काय. दुसरा प्रश्न माझ्या मूळ प्रश्नाच्या जास्त जवळचा होता. पहिल्या प्रश्नाने मात्र माझी शिस्त घडवली, आणि ती नसती तर दुसऱ्याचे उत्तर मी फार सैलपणे दिले असते. विषयाच्या वर्गीकरणाचीही पंचाईत होती. अर्थशास्त्राच्या सर्वमान्य वर्गीकरणात उद्योजकतेला एल२६ हा क्रमांक औद्योगिक संघटनांच्या गटात आहे, नव्या कंपन्यांना एम१३ हा व्यवसाय प्रशासनात, आणि व्यवहारखर्च व संघटनांतर्गत वर्तन यांना डी२३ हा सूक्ष्म अर्थशास्त्रात. माझा निबंध या तिन्हींत होता, आणि ज्या विभागाला नेमका एक औद्योगिक अर्थशास्त्रज्ञ हवा होता त्याला तो कोणत्याच रकान्यात पुरेसा वाटला नाही. नेमणूक झाली ती एका व्यवस्थापन विद्यालयात, धोरण आणि उद्योजकता असे नाव असलेल्या विभागात.

तेथे रुजू झाल्यावर पहिल्यांदा जाणवले ते असे की माझे शेजारी समाजशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि दोन-तीन अर्थशास्त्रज्ञ होते, आणि प्रत्येकाची उत्तम निबंधाची कल्पना वेगळी होती. अर्थशास्त्रात लेखकांची नावे बहुधा वर्णानुक्रमाने लावतात. व्यवस्थापनशास्त्रात ज्याने जास्त काम केले त्याचे नाव पहिले येते. माझे आडनाव वर्णमालेच्या शेवटाकडचे असल्याने सहकाऱ्यांबरोबर लिहिलेल्या निबंधांत मी कायम शेवटची. दरवर्षीच्या आढाव्यात हे समजावून सांगावे लागे, आणि मी ते छापील टिपण करूनच जोडत असे. लिरान आइनाव आणि लीआट यारीव यांनी २००६ साली दाखवून दिले आहे की अमेरिकेतल्या अग्रगण्य अर्थशास्त्र विभागांत वर्णमालेत आधी येणाऱ्या आडनावांच्या प्राध्यापकांना कायम नेमणूक मिळण्याची शक्यता जास्त असते, आणि मानसशास्त्रात, जेथे वर्णानुक्रम पाळत नाहीत, तसे दिसत नाही. माझ्या टिपणात हा दाखला मी आवर्जून दिला होता.

कायम नेमणुकीसाठी साधारण सहा वर्षे मिळतात. त्यानंतर विद्यापीठ बाहेरच्या तज्ज्ञांकडून पत्रे मागवते आणि निर्णय होतो: एकतर कायम, नाहीतर बाहेर. सहा वर्षे पुष्कळ वाटतात, पण निबंध छापून येण्याची गती पाहिली की ती पुरी पडत नाहीत. डेव्हिड कार्ड आणि स्टेफानो डेलाव्हिन्या यांनी मोजले आहे की अव्वल मानल्या जाणाऱ्या पाच अर्थशास्त्रीय नियतकालिकांकडे येणाऱ्या निबंधांची संख्या १९९० ते २०१२ या काळात जवळजवळ दुप्पट झाली, तर छापल्या जाणाऱ्यांची संख्या १९७० च्या दशकाच्या अखेरीस वर्षाला सुमारे ४०० होती ती ३०० वर आली, आणि निबंधांची लांबी सुमारे तिप्पट झाली. छापण्याआधी निबंध तपासणारे समीक्षक मागतात म्हणून निबंध लांबतात. माझ्या प्रबंधातला मुख्य निबंध एका नियतकालिकाने समीक्षकांकडे न पाठवताच परत केला, दुसऱ्याने वर्षभर ठेवून दोन परस्परविरोधी अहवालांसह नाकारला, आणि तिसऱ्याने दुरुस्त्या सुचवून मागवला. दुरुस्तीची पहिली फेरी म्हणजे स्वीकार नव्हे, हे नवख्यांना सांगावे लागते. तरी ती मिळाली त्या दिवशी आमच्या मजल्यावर सर्वांना कळले होते.

या सहा वर्षांत मूळ प्रश्न मी बाजूला ठेवला होता, आणि तो विचारपूर्वक ठेवला होता. जे मोजता येते त्यावर निबंध लिहिले: माणसे कोणत्या कंपन्यांतून बाहेर पडतात, सोबत कोणाला नेतात, जुन्या मालकाशी स्पर्धा न करण्याचा करार जेथे कडकपणे राबवला जातो तेथे काय होते. यांतला प्रत्येक निबंध त्या प्रश्नाचाच तुकडा होता, पण तुकडे जोडून उत्तर होत नव्हते. आमच्या क्षेत्रातल्या तरुणांना पद्धत प्रश्न निवडून देते अशी तक्रार पुष्कळ ऐकू येते, आणि ती खरी आहे. तरीही मोजमापाच्या आग्रहामुळे या विषयातल्या किती समजुती गळून पडल्या ते मी प्रत्यक्ष पाहिले आहे. डेव्हिड बर्च यांच्या १९७९ च्या अहवालापासून छोटे उद्योगच रोजगार निर्माण करतात असे धोरणकर्ते धरून चालले होते. जॉन हॉल्टिवांगर, रॉन जार्मिन आणि हाव्हियर मिरांडा यांनी २०१३ साली कंपनीचे वय हिशेबात घेतले तेव्हा आकार आणि वाढ यांचा पद्धतशीर संबंध उरला नाही. रोजगारवाढ तरुण कंपन्यांत होती, आणि तरुण कंपन्या बहुधा छोट्या असतात इतकेच. पियेर अझुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली अमेरिकेतल्या सर्वाधिक वेगाने वाढणाऱ्या हजारात एक अशा नव्या कंपन्या पाहिल्या, तेव्हा त्यांच्या संस्थापकांचे सरासरी वय ४५ निघाले. हा आकडा मी वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकांवरचे, नोकरीची पंधरा-वीस वर्षे झालेले विद्यार्थी सरसावून बसतात.

अध्यापनाने मला जितके दिले तितके परिसंवादांनी दिले नाही, असे म्हणायला हरकत नाही. व्यवस्थापनाच्या वर्गात प्रत्यक्ष कंपनी चालवलेली माणसे असतात आणि सिद्धांत चुकला तर ती गप्प बसत नाहीत. त्यांच्यापुढे मी जनरल मोटर्स आणि फिशर बॉडी यांचे प्रकरण दरवर्षी ठेवते. मोटारींचे सांगाडे बनवणाऱ्या फिशर बॉडीत जनरल मोटर्सने १९१९ साली ६० टक्के हिस्सा घेतला आणि १९२६ साली उरलेला विकत घेतला. पुरवठादार अडवणूक करतो म्हणून गिऱ्हाइकाला त्याला विकत घ्यावे लागते, या सिद्धांताचा दाखला म्हणून बेंजामिन क्लाइन, रॉबर्ट क्रॉफर्ड आणि आर्मेन अल्चियन यांनी १९७८ साली हे प्रकरण मांडले, आणि पुढची वीसेक वर्षे ते पाठ्यपुस्तकांतून तसेच शिकवले गेले. मग २००० साली खुद्द कोस यांनी, वयाची नव्वदी जवळ आलेली असताना, जुनी कागदपत्रे तपासून लिहिले की अशी अडवणूक झालीच नव्हती. त्याच सुमारास इतर अभ्यासकांनीही स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष काढला. क्लाइन यांना तो मान्य झाला नाही आणि वाद चालू राहिला. वर्गात मी दोन्ही बाजूंचे उतारे देते आणि कराराची कलमे वाचायला लावते. एका वर्षी एका विद्यार्थ्याने, जो स्वतः सुटे भाग पुरवणारा कारखाना चालवत होता, विचारले की या सगळ्या चर्चेत कारखान्याची जागा कोणी ठरवायची हा अधिकार कोणाकडे होता ते कोणीच आधी का सांगत नाही. त्यानंतर मी करार वाचायची पद्धत बदलली: पैसे कोणाला किती, याआधी मी पाहू लागले की कशावरचा निर्णय कोणाकडे ठेवला आहे.

नेमणूक कायम झाली त्या वर्षी मी नव्या विषयासाठी दोन सहकारी शोधले, एक कायद्याचा अभ्यासक आणि एक संख्याशास्त्र चांगले जाणणारी. ऑलिव्हर हार्ट यांच्या अपूर्ण करारांच्या सिद्धांतानुसार, करारात जे लिहून ठेवता येत नाही त्यावरचा उरलेला अधिकार मालकाकडे जातो आणि मालकीचा अर्थच तो आहे. २०१६ चे नोबेल त्यांना आणि बेंग्ट होल्मस्ट्रॉम यांना करारांवरील कामासाठी मिळाले. हे नाइट यांच्याशी जोडले तर एक तपासण्याजोगे विधान निघते. कंपनी सुरू करताना संस्थापक आपसांत जो करार करतात त्यात, ज्या गोष्टींचा अंदाज बांधता येतो त्यांचे निर्णय कोणाकडेही सोपवलेले असतील, पण ज्यांचा अंदाजच बांधता येत नाही ते निर्णय, म्हणजे धंदाच बदलणे, कंपनी विकणे, नवा भागीदार घेणे, हे ज्याच्या निर्णयबुद्धीवर कंपनी उभी आहे त्याच्याकडे राखलेले असतील, मग त्याचा पैसा कमी का असेना. निर्णयबुद्धी दिसत नाही. तिच्यासाठी राखून ठेवलेली जागा मात्र कागदावर दिसू शकते.

असे करार मिळवणे सोपे नाही, कारण ते खाजगी असतात. वकिलांच्या मदतीने, नावे आणि रकमा झाकून, ते थोडेथोडे करून जमा झाले. एकेक करार दोन वाचकांनी स्वतंत्रपणे वाचून प्रत्येक कलमाला संकेत द्यायचे, मतभेद असेल तेथे तिसऱ्याने पाहायचे, असे हे काम आहे, आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना याची सवय नसते. संस्थापकांच्या मुलाखतीही घेतल्या. हिस्से कसे वाटले हे ते तासभर सांगतात. निर्णय कोणी घ्यायचा हे लिहून ठेवले आहे का, असे विचारले की पुष्कळांना कागद काढून पाहावा लागतो. अपेक्षेपेक्षा वेगळी एक गोष्ट सापडली. बरोबरीचे हिस्से असलेल्या कंपन्यांतही अंतिम शब्द एकाकडे ठेवल्याचे दिसते, पण तो सर्व बाबतींत एकाकडे नसतो. उत्पादनाबाबत एकाकडे आणि भांडवल उभारणीबाबत दुसऱ्याकडे, अशी वाटणी वारंवार आढळते. उद्योजक म्हणजे एक माणूस असे नाइट यांच्यापासून आम्ही सगळे धरून चाललो होतो, आणि तेथे या कागदांनी आम्हाला थांबवले आहे.

हा निबंध सध्या दुरुस्तीच्या दुसऱ्या फेरीत आहे. एका समीक्षकाला गणिती प्रतिमान मुख्य भागात हवे आहे, दुसऱ्याने ते काढून टाकून मुलाखतींना जास्त जागा द्यायला सांगितले आहे, आणि संपादकांनी ‘दोन्ही अहवाल विचारात घ्यावेत’ असे एका ओळीत लिहून आमच्यावर सोपवले आहे. आम्ही प्रतिमान परिशिष्टात नेले, निर्णयांच्या वाटणीचा भाग पुढे आणला, आणि पहिल्या समीक्षकासाठी चार पानी उत्तर लिहिले आहे, त्यात ते प्रतिमान एकाच निर्णयकर्त्यावर का बांधलेले होते आणि आता ते तसे का चालणार नाही, हे सांगितले आहे. संख्याशास्त्राची बाजू सांभाळणाऱ्या सहकारीने तक्ते पुन्हा काढले की निबंध परत पाठवायचा आहे.